पास्कलभाऊंचं पिंप

पास्कल रुमाव हा माणूस कुठलीही गोष्ट तोंडात घालण्याआधी तिचा वास घेत असे. चहाचा, द्राक्षांचा, पुरणपोळीचा, एवढंच काय, साध्या पाण्याचासुद्धा. पहिल्यांदा ते आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी आमटीची वाटी उचलून नाकाशी नेली आणि डोळे मिटले. माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आमटी खाली लागली की काय. तेवढ्यात डोळे उघडून ते म्हणाले, "वहिनी, गोडा मसाला घरचा आहे. पण जुना. मागच्या सुट्टीत आणलेला ना?"

होता खरा. सांगलीहून आईने बांधून दिलेला.

"मग? खराब झालाय?" मी विचारलं.

"छे! खराब वेगळं, जुनं वेगळं," असं म्हणून त्यांनी आमटी भुरकली आणि आणखी मागून घेतली.

दुबईत, अल कुसैसमध्ये आमच्या समोरच्याच दाराआड ते एकटे राहायचे. आमच्या खिडकीतून रस्त्यापलीकडे शारजा दिसायचं, त्यांच्या खिडकीतून आमच्याच इमारतीचं पार्किंग. बायको, फिलोमिना, वसईला निर्मळजवळच्या त्यांच्या घरी सासूबरोबर. मुलगा शिकून कॅनडात. पास्कलभाऊ इथे इतकी वर्षं होते, की पाकिस्तानी टॅक्सीवाल्याशी पंजाबी ढंगाचं हिंदी, मल्याळी किराणावाल्याशी मल्याळी ढंगाचं आणि आमच्याशी पुस्तकात असतं तसं मराठी बोलत. फोनवर आईशी मात्र त्यांची वसईची बोली सुरू झाली, की आम्हाला चार शब्द कळायचे आणि आठ निसटायचे.

अल क्वोजमधल्या एका मोठ्या केटरिंग किचनमध्ये ते हायजीन ऑफिसर होते. तिथून ऑफिसांना, साइटवरच्या कामगारांना, लग्नांना जेवण जायचं. शर्टाच्या खिशात पेन असावं तसं त्यांच्या खिशात टोकदार थर्मामीटर असे. ते पुसून कशातही खुपसायची त्यांना सवय होती. एकदा सानिकाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, वाढदिवसाच्या केकमध्येही खुपसलं. ती ओरडली, "अंकल, इट्स अ केक, नॉट अ पेशंट!"

कामावर त्यांचं मुख्य काम म्हणजे फेकायला लावणं. ट्रेवर चिकटवलेली वेळ उलटली की ट्रे कचऱ्यात. बिर्याणीचे अख्खे डेग त्यांच्या सहीने जात. "त्यातली बरीच चांगली असते हो वहिनी," ते एकदा म्हणाले. "मी वास घेतो. कळतं मला. तरी सांगतो, खलास, टाका."

"मग सांगता कशाला?"

"नियम हजार माणसांसाठी असतो. नाक एकट्यासाठी. हजारांचं जेवण माझ्या नाकावर कसं सोडू?"

हे ते दुःखाने म्हणत, पण त्यात कधी सूट देत नसत. म्हणूनच त्यांच्या घरात काय चाललंय हे कळलं तेव्हा मला जास्त नवल वाटलं.

कळलं ते सानिकामुळे. त्यांचा डबा परत द्यायला गेली आणि हसत परत आली. "आई, अंकलच्या स्टोअररूममध्ये समथिंग इज बर्पिंग."

मी गेले. पास्कलभाऊंनी आधी बाहेरचं दार लावलं, मग स्टोअररूमचं उघडलं. आत पांढरं, दुधी प्लास्टिकचं झाकणबंद पिंप. झाकणातून वर आलेली वाकडी नळी, तिच्यात थोडं पाणी. बघता बघता त्या पाण्यातून एक बुडबुडा वर आला. बुडुक. पुन्हा शांतता. पुन्हा बुडुक. पावाच्या बेकरीजवळून जाताना येतो तसा वास.

"काय आहे हे?"

"बिअर," ते म्हणाले. 'भेंडी' म्हणावं तितक्या सहज.

इथे घरात बिअर करायला परवानगी नाही. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. विकत घ्यायची तर कायदेशीर दुकानं होती, आणि त्यांना काही रोज प्यायची सवय नव्हती. रविवारी मासळीबरोबर एक ग्लास, बस. मग ही जोखीम कशासाठी? मी तसं विचारलंही. ते जरा ओशाळले. म्हणाले, "दिवसभर मी वेळ संपलेल्या वस्तू फेकतो. घरी एखादी तरी गोष्ट अशी असावी, जिची वेळ मी ठरवत नाही."

मी काही बिअर पिणारी नव्हे. पण आंबवण्यातलं मला कळतं. आंबोळीचं, ढोकळ्याचं, इडलीचं पीठ मी इथल्या उन्हाळ्यात भांड्याबाहेर उतू जाताना पाहिलंय. त्यामुळे माझा पहिला प्रश्न गृहिणीचाच होता. "हे असं किती दिवस ठेवायचं?"

"ते बिअरलाच विचारायचं."

"असं कसं? काहीतरी हिशोब असेल ना."

"दोन-तीन आठवडे म्हणतात. पण गारवा किती, यीस्ट कसलं, गोडी किती, यावर आहे." मग त्यांनी काचेची एक लांबट नळी दाखवली. बिअरमध्ये सोडली की ती तरंगते. साखर असेल तर वर राहते, साखर संपत आली की खाली बुडते. "आज बघायचं, दोन दिवसांनी बघायचं, परत बघायचं. एकाच जागी थांबली, की यीस्टचं जेवण झालं. बुडबुड्यांवर जाऊ नका. बुडबुडे खोटं बोलतात."

"आणि जेवण झाल्यावर लगेच काढली नाही तर? विषारी होते?"

ते हसले. हा प्रश्न त्यांना फार आवडला असावा, कारण त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जंतू बिअरमध्ये तग धरत नाहीत, ते म्हणाले. ती आंबट असते, तिच्यात अल्कोहोल असतं. भांडं स्वच्छ हवं, हवा आत जाता कामा नये, एवढं पाळलं तर महिना काय, त्याहून जास्तही राहील. उलट सुरुवातीला यीस्ट मागे राहिलेले नको ते वास खाऊन टाकतं, बिअर नितळ होते. पण फारच राहिली, आणि त्यात गरम झाली, तर तळाशी बसलेलं यीस्ट उपाशी मरतं, फुटतं. मग त्याची चव उतरते.

"कसली चव?"

"रबराची. किंवा सोया सॉसची." त्यांनी तोंड वाकडं केलं. "पोट बिघडणार नाही. मूड बिघडेल."

त्यानंतर मला नादच लागला. जाता-येता मी विचारायची, "काय म्हणतंय पिंप?" आणि ते सांगायचे, "आज शांत आहे," किंवा "आज बडबड चालू आहे." श्रीरंगला हे अजिबात पसंत नव्हतं. तो एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम करतो, त्यामुळे परवानगी नसलेल्या कुठल्याही गोष्टीजवळ तो फिरकत नाही. "तू त्या घरात जातेस म्हणजे तुला माहीत होतं, असा अर्थ होतो," तो म्हणायचा. त्याचं चूक नव्हतं.

पास्कलभाऊंना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. त्यांच्या ओळखीचा चिपळूणचा विलास, साइटवर परांच्यांचा फोरमन, अल क्वोजमधल्या कामगारांच्या कॅम्पात राहायचा. दर महिन्या-दोन महिन्यांनी येऊन पास्कलभाऊंकडे मासे खायचा. त्याने इथे बघून बघून तिकडे स्वतःच प्रयोग केला आणि चार दिवसांतच अर्धवट आंबलेली बिअर काचेच्या बाटल्यांत भरून बुचं मारली. आतलं यीस्ट अजून खातच होतं. वायू बाहेर पडायला जागा नाही. एका शुक्रवारी तो बाटली हातात घेऊन बघत असताना ती फुटली.

पास्कलभाऊ त्याला आधी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे विचारलं तेव्हा म्हणाले, "बाटली फुटली," आणि त्यापुढे कुणी विचारलं नाही. मग कॅम्पात जाऊन जाड हातमोजे आणि वेल्डरचा चेहऱ्यावरचा मुखवटा घालून, बाटल्यांवर ओलं ब्लँकेट टाकून, एकेक बाटली त्यांनी स्वतः रिकामी केली. संध्याकाळी विलासला आपल्याकडे आणलं. आम्ही चहा घेऊन गेलो तेव्हा विलास पट्टी बांधलेला हात छातीशी धरून सोफ्यावर बसला होता आणि पास्कलभाऊ खोलीत येरझारा घालत होते.

"घाई!" ते ओरडले. "कशाची घाई होती तुला? कुठली गाडी चुकत होती? जास्त दिवस ठेवली म्हणून बिअरने कुणाला मारलं नाही रे! लवकर काढली म्हणून डोळे गेलेत लोकांचे! तुझ्या घरी मी काय सांगितलं असतं?"

विलास खाली बघून म्हणाला, "मला वाटलं, जास्त दिवस ठेवली तर खराब होईल."

"मग विचारायचं होतंस!"

"तुम्ही म्हणता, तिलाच विचार."

यावर पास्कलभाऊ थांबले. खुर्चीत बसले. त्या दिवसापासून त्यांनी हसण्यावारी उत्तर देणं सोडलं. कुणी विचारलं तर ती काचेची नळी काढून नीट समजावत. आणि त्यांच्या घरातून एक बाटलीसुद्धा बाहेर गेली नाही.

मग तो उन्हाळा आला. उन्हाळ्याच्या तोंडाशीच वसईहून फोन आला की आई न्हाणीघरात पडली, एक बाजू गेली. पास्कलभाऊ त्याच दिवशी निघाले. बॅग घेऊन आमच्या दारात उभे राहिले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वहिनी, परवाच पिंप लावलंय. बेडरूममध्ये एसीजवळ ठेवलंय. झाकण उघडू नका. एसी बंद करू नका. नळीतलं पाणी आटलं तर उकळून गार केलेलं घाला. दोन आठवड्यांत येतो, इन्शाल्ला."

श्रीरंग आतून ऐकत होता. दार लागल्यावर म्हणाला, "आता आपण यात आलो."

दोन आठवडे झाले. आई तशीच. ऑफिसने बिनपगारी रजा वाढवून दिली. पिंपाची बुडबुड मंदावली, मग थांबली. मी घाबरून फोन केला. "मेलं वाटतं तुमचं यीस्ट."

"मेलं नाही, खाली बसलंय. नितळतेय आता." पलीकडे कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येत होता. "बॅटरी मारून बाजूने बघा. वर पांढरी साय दिसते?"

"नाही."

"आंबट वास?"

"नाही. पावाचाच, थोडा."

"मग राहू दे."

जून गेला. जुलै गेला. दर चार-पाच दिवसांनी मी जायची, नळीत पाणी घालायची, बॅटरी मारायची आणि फोन करायची. श्रीरंगच्या सांगण्यावरून दर वेळी विचारायची, "आता ओतून टाकू का?" आणि ते दर वेळी म्हणायचे, "नको. राहू दे." मला कळेना. इतका नियमाचा माणूस, आणि एका पिंपासाठी शेजाऱ्यांना अडचणीत ठेवतो? एकदा तसं बोललेही. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे वहिनी. पण जमलं तर राहू दे." आवाज इतका दमलेला होता की मी आईची चौकशी करून फोन ठेवला.

ऑगस्टमध्ये त्यांचा एसी बंद पडला. मी गेले तेव्हा खोली भट्टी झाली होती. इमारतीच्या मेंटेनन्सला सांगावं तर माणूस आत येणार, न सांगावं तर पिंप उकडणार. मी त्यावर चादर टाकली, वर घडी न केलेले कपडे रचले, जवळ इस्त्रीचं टेबल उभं केलं आणि फोन केला.

आलेला माणूस नेपाळी होता, पन्नाशीचा, थोडक्यात बोलणारा. शिडीवर चढून त्याने एसीचं झाकण काढलं. मी दारात उभी. आणि इतके आठवडे मुक्याने बसलेलं ते पिंप, खोली तापल्यामुळे, बोलायला लागलं.

बुडुक.

त्याने मागे वळून पाहिलं. मी खोकले. बुडुक, बुडुक.

"मॅडम, ये क्या है?"

"वो... साबण में कपडे भिगोए हैं," मी म्हटलं. असलं हिंदी आणि असलं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

तो शिडीवरून उतरला. कपड्यांच्या ढिगाजवळ जाऊन उभा राहिला. हात लावला नाही, फक्त श्वास घेतला. माझ्या डोळ्यांसमोर श्रीरंगचा चेहरा आला, सानिकाची शाळा आली, कायमचं परत पाठवणारं विमान आलं. तो परत वर चढला. काम संपवलं, एसी लावला, हत्यारं पिशवीत भरली. दारात चप्पल घालताना म्हणाला, "खलास, मॅडम. अब ठंडा रहेगा." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मेरी माँ भी बनाती थी."

मी घरी येऊन आधी रडले, मग हसले. श्रीरंगला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उद्या ओतून टाकायचं. मी स्वतः ओततो."

पण दुसऱ्या दिवशी पहाटे वसईहून मेसेज आला. आई गेली.

पास्कलभाऊ सप्टेंबरमध्ये परतले. कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. आम्ही दोघं भेटायला गेलो. आपल्याकडे अशा वेळी काय बोलतात तेवढं श्रीरंग बोलला, मग बसलो. थोड्या वेळाने पास्कलभाऊच उठले आणि पिंप बाहेर घेऊन आले.

झाकण उघडलं. त्यांनी वास घेतला, ग्लासात थोडी काढली, उजेडात धरली. रंग सुंदर होता, मधासारखा, आरपार. एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला.

"काय म्हणते?" मी हळूच विचारलं.

"सुरक्षित आहे," ते म्हणाले. "पण चांगली नाही. गारव्यात राहिली असती तर कदाचित चालली असती. त्या गरम दिवसांनी मारलं."

मला वाटलं, आता ओततील. पण ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आईचं सगळं मागचं-पुढचं एक झालं होतं. तिच्या डोक्यात नाताळ जवळ आलेला. ती जांभळाची वाइन करायची ना घरी, बरणीत. रोज सकाळी मला विचारायची, काढलीस का रे? मी म्हणायचो, नाही गं, अजून आहे. तिला बरं वाटायचं. परत झोपायची." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तुम्ही ही पिंपातली टाकून दिली असती तर मला तिच्याशी रोज खोटं बोलावं लागलं असतं. तेवढ्यासाठी तुम्हाला अडकवलं. चुकलं माझं."

मग श्रीरंग उठला. हा माझा नवरा, जो ऑफिसच्या पार्टीतही लिंबूसोडा घेतो. तो स्वयंपाकघरात गेला, एक ग्लास घेऊन आला आणि पास्कलभाऊंसमोर धरला. "द्या थोडी."

"अरे, नको. खरंच वाईट आहे."

"द्या हो."

पास्कलभाऊंनी ओतली. श्रीरंगने औषध घ्यावं तशी एका दमात संपवली. त्याचे डोळे बारीक झाले, कान लाल झाले.

"कशी आहे?" पास्कलभाऊंनी विचारलं.

"टायर," श्रीरंग म्हणाला. "जळका टायर."

पास्कलभाऊ हसायला लागले. हसता हसता खुर्चीत बसले, आणि मग तोंडावर हात घेऊन इतकं रडले की श्रीरंग ग्लास हातात धरूनच त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. मी पिंप ओढत मोरीकडे नेलं आणि ओतून दिलं. तळाशी करड्या मातीसारखा यीस्टचा थर राहिला होता, तो धुवायला मात्र बराच वेळ लागला.

त्यानंतर त्यांनी पिंप लावलं नाही. एसीवाल्याचं ऐकल्यावर ते फार गंभीर झाले होते. "दुसरा कुणी आला असता तर?" असं दोन-तीनदा म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडायचं ठरवलं. वसईला फिलोमिना एकटी होती, विहिरीजवळची वाडी पडून होती.

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही त्यांना अबू धाबीला जेवायला घेऊन गेलो. तिथे आता काही ठिकाणी परवाना घेऊन, गिऱ्हाइकांसमोरच बिअर तयार करतात. श्रीरंगनेच शोधून काढलं होतं. परवान्याची खात्रीही त्यानेच आधी करून घेतली होती. काचेच्या भिंतीआड माणसाहून उंच चकचकीत टाक्या उभ्या होत्या. पास्कलभाऊ टेबलाशी आलेच नाहीत. काचेसमोर उभे राहून ते प्रत्येक नळी, प्रत्येक काटा बघत राहिले. आत काम करणाऱ्या तरुण गोऱ्याचं लक्ष गेलं. तो दार उघडून बाहेर आला. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण पास्कलभाऊंनी टाकीकडे बोट केलं, आणि त्याने खांदे उडवून हसत काहीतरी उत्तर दिलं. मग त्याने त्यांना केसांवर घालायची जाळी दिली आणि आत नेलं.

आमचं जेवण आलं, गार झालं. सानिका म्हणाली, "शुड आय कॉल हिम?" श्रीरंग म्हणाला, "राहू दे."

पुढच्या आठवड्यात ते गेले तेव्हा मी सानिकाच्या शाळेत होते, फोनवरच निरोप झाला. त्यामुळे मला दिसतात ते त्या काचेआडचे पास्कलभाऊ. डोक्यावर जाळी, हातात टाकीतून काढलेला छोटा ग्लास. तो गोरा पोरगा उत्सुकतेने त्यांच्या तोंडाकडे बघतोय, आणि पास्कलभाऊ डोळे मिटून, दुसरा हात वर करून त्याला खुणेने सांगताहेत, थांब.